रेमिंग्टन कशी बुडाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली जुनी बंदूक कंपनी रेमिंग्टन बुडाली, असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे ती टाइपरायटरवाली?" तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

टाइपरायटरवाली रेमिंग्टन आणि बंदूकवाली रेमिंग्टन एकच का?

आधी एकच होती, मग वाटण्या झाल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि बंदुकांची सरकारी मागणी आटली. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्यात लोखंडाचं बारीक काम करणारे कसबी कारागीर होते, यंत्रं होती, पण हाताला काम नव्हतं. मग त्यांनी शेतीची अवजारं केली, शिलाई मशीन केली. १८७३ मध्ये ख्रिस्तोफर शोल्सच्या लिहिण्याच्या यंत्राचे हक्क असलेली मंडळी दारात आली, तेव्हा तेही काम घेतलं. १८७४ मध्ये ते यंत्र बाजारात आलं. आज तुमच्या मोबाइलवर इंग्रजी टाइप करताना क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय अशी जी ओळ दिसते, ती बाजारात पहिल्यांदा आणली या बंदूक कारखान्याने.

१८८६ मध्ये पैशांची तंगी आली आणि टाइपरायटरचा धंदा नावासकट विकला गेला. त्या शाखेतून पुढे १९२७ मध्ये रेमिंग्टन रँड झाली आणि तिची यंत्रं आपल्याकडच्या कचेऱ्यांत आली. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, पण १८८६ नंतर चुली वेगळ्या. या लेखातली रेमिंग्टन बंदूकवाली.

आणि दाढीचं मशीन?

ते टाइपरायटरच्या घराण्यातलं. रेमिंग्टन रँडने १९३७ मध्ये इलेक्ट्रिक शेव्हर काढला, त्याचा वारसा आजचा ट्रिमर सांगतो. बंदूक कंपनीच्या दिवाळखोरीशी त्याचा काही संबंध नाही, तुमची वॉरंटी शाबूत आहे.

कंपनी सुरू कशी झाली?

१८१६ मध्ये, एका लोहाराच्या भट्टीत. एलिफलेट रेमिंग्टन नावाच्या तरुणाने वडिलांच्या भट्टीवर स्वतः बंदुकीची नळी घडवली, ती घेऊन तो नेमबाजीच्या स्पर्धेत उतरला आणि बघणाऱ्यांनी तिथल्या तिथे मागणी नोंदवली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला असणारच. पण लोक नळ्यांसाठी येऊ लागले हे खरं. १८२८ मध्ये त्याने कारखाना डोंगरातल्या घळीतून उतरवून ईरी कालव्याच्या काठी, मोहॉक नदीच्या खोऱ्यात आणला. कालव्यातून माल थेट न्यूयॉर्क बंदरापर्यंत जायचा. त्या कारखान्याभोवती जे गाव वाढलं ते इलियन. यादवी युद्धातली रिव्हॉल्व्हर, मग डेन्मार्क, स्पेन, इजिप्तपर्यंत गेलेल्या रोलिंग ब्लॉक रायफली, सगळं इथलं.

कंपनी पहिल्यांदाच बुडाली का?

नाही. १८८६ मध्ये टाइपरायटर विकूनही भागलं नाही. १८८८ मध्ये न्यूयॉर्कचे व्यापारी मार्सेलस हार्टली यांनी, प्रतिस्पर्धी विंचेस्टरला जोडीला घेऊन, कंपनी विकत घेतली. रेमिंग्टन कुटुंबाचा मालकीचा संबंध तिथेच संपला. दारावर पाटी रेमिंग्टनची आणि आत मालक दुसरा, ही परिस्थिती त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं कायम राहिली. तरी लोक अजून "रेमिंग्टन घराण्याची कंपनी" म्हणतात.

पुढे पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारने रायफलींची मोठी ऑर्डर दिली. १९१७ मध्ये क्रांती झाली, गिऱ्हाईकच नाहीसं झालं आणि तयार माल अंगावर पडला. अमेरिकी सरकारने तो घेतला म्हणून निभावलं. युद्ध आलं की भरभराट, युद्ध संपलं की उपासमार, हा या धंद्याचा जुना नियम आहे.

मग चांगले दिवस कधी होते?

ड्यूपाँटच्या काळात. १९३३ मध्ये रसायनं आणि स्फोटकं बनवणाऱ्या ड्यूपाँटने कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि जवळजवळ ६० वर्षं ठेवला. मालकाकडे पैसा होता, घाई नव्हती.

त्या काळातली दोन उत्पादनं कंपनीचे खांब ठरली: १९५० ची मॉडेल ८७० शॉटगन आणि १९६२ ची मॉडेल ७०० रायफल. ८७० ही बारा बोअरच्या घराण्यातली पंप बंदूक. नळीखाली लाकडाची मूठ असते, ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. मूठ सरकवताना दोन पोलादी पट्ट्या दोन्ही बाजूंनी एकदम सरकतात, त्यामुळे ती वाकडी ओढली तरी अडकत नाही. बंदुकीचा गाभा एका अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरलेला. साधी, स्वस्त, दणकट. शिकारी, पोलीस, शेतकरी, सगळ्यांनी घेतली. एक कोटीहून जास्त विकल्या गेल्या. सगळ्यात जास्त खपलेल्या पंप शॉटगनांपैकी ही एक.

पण यातच एक गोम आहे. असली बंदूक आजोबा घेतात आणि नातू वापरतो. माल जितका टिकाऊ, तितकं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येत नाही. ड्यूपाँटसारख्या मालकाला ते परवडलं. पुढच्या मालकांना परवडणार नव्हतं.

मॉडेल ७०० च्या चापाचं प्रकरण काय होतं?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ७०० च्या चापाची रचना माइक वॉकर या रेमिंग्टनच्याच अभियंत्याची. चाप आणि घोडा अडवून धरणारा भाग यांच्यामध्ये त्याने धातूचा एक छोटा सुटा तुकडा बसवला. तो चापाला पक्का जोडलेला नव्हता, स्प्रिंगच्या दाबाने नुसता टेकलेला असायचा. त्यामुळे चाप हलका आणि मऊ ओढला जायचा, आणि नेमबाज त्यावर खूश होते. पण दर गोळीला तो तुकडा चापापासून क्षणभर सुटायचा. त्या फटीत कचरा, तेलाचं किटण किंवा गंज अडकला तर तो परत जागेवर पूर्ण बसत नसे. मग सेफ्टी खाली करताच, चापाला बोट न लावता, गोळी सुटू शकत होती. तक्रारदारांचं म्हणणं हेच होतं, आणि त्यातल्या काहींच्या घरातली माणसं गेली होती.

वॉकर यांनी स्वतः फार पूर्वीच सुधारणा सुचवली होती. खर्च प्रत्येक बंदुकीमागे साडेपाच सेंट. कंपनीने ती केली नाही. २०१० मध्ये सीएनबीसी वाहिनीने हे प्रकरण उघडं पाडलं. कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली की रचना सुरक्षित आहे, तरी अखेर सामूहिक दाव्यात तडजोड करून लाखो रायफलींचे चाप फुकट बदलून द्यायला तयार झाली. त्याआधी २००६ पासून जो नवा चाप आणला होता, तोही २०१४ मध्ये परत मागवावा लागला. जुन्याची दुरुस्ती म्हणून आणलेली वस्तूच परत मागवावी लागणं हे कुठल्याही कारखान्याला शोभणारं नाही.

माझ्याकडे (किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे) जुनी ७०० आहे. आता काय?

त्या तडजोडीतली फुकट दुरुस्तीची मुदत संपली आहे. जाणत्या बंदूक कारागिराकडून चाप बदलून घ्यावा. तोवर आत गोळी ठेवू नये.

खरी घसरण कधी सुरू झाली? नवा मालक कोण होता?

१९९३ मध्ये ड्यूपाँटने कंपनी क्लेटन, डबिलिअर अँड राइस या गुंतवणूक संस्थेला सुमारे ३० कोटी डॉलरना विकली. तेव्हापासून रेमिंग्टन ही चालवायची कंपनी न राहता घ्यायची-विकायची वस्तू झाली. २००७ मध्ये ती सेर्बेरस कॅपिटल मॅनेजमेंटकडे आली. सेर्बेरस म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. नाव कुणी आणि का ठेवलं असेल कोण जाणे, पण पुढचं पाहता चपखल वाटतं. तिचे संस्थापक स्टीफन फाइनबर्ग २०२५ मध्ये अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री झाले.

सौदा सुमारे ३७ कोटी डॉलरचा म्हणून गाजला. पण त्यात रोख होती १२ कोटींच्या आत. उरलेले २५ कोटी २० लाख म्हणजे रेमिंग्टनवर आधीपासून असलेलं कर्ज.

म्हणजे कर्ज कुणाचं? विकत घेणाऱ्याचं की कंपनीचं?

कंपनीचं. सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका शब्दात आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. समजा तुमचं शेत कुणी घेतलं. घेताना स्वतःच्या खिशातून थोडे पैसे टाकले. बँकेचा बोजा तुमच्या शेताच्या सातबाऱ्यावरच, इतर हक्कांच्या रकान्यात, राहिला. हप्ता शेताच्या पिकातून जातो. पीक चांगलं आलं तर नफा नव्या मालकाचा. पीक बुडालं तर जप्ती शेतावर येते, त्याच्या शहरातल्या फ्लॅटवर नाही.

आता यापुढची पायरी बघा. २०१० मध्ये रेमिंग्टनच्या डोक्यावर असलेल्या होल्डिंग कंपनीने, म्हणजे तिचे शेअर्स हातात ठेवणाऱ्या कंपनीने, २२ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज काढलं. त्याचं व्याज रोखीने भरायचं बंधन नव्हतं, मुद्दलात चढवत नेता येत होतं. आपल्याकडे सावकाराच्या वहीत असंच चालायचं. हा पैसा नव्या यंत्रांत गेला का? नव्या बंदुकीत? त्यातून सेर्बेरसकडचे शेअर्स परत विकत घेतले गेले. म्हणजे मालकाने आपली गुंतवणूक अंगाला तोशीस न लागता काढून घेतली. आणि २०१२ मध्ये कर्जाची फेरमांडणी झाली तेव्हा वरचा हा भार खाली, प्रत्यक्ष बंदुका घडवणाऱ्या कंपनीच्या अंगावर उतरला.

यात बेकायदा काही नाही. मला तरी तेच जास्त खटकतं. अमेरिकेत शेकडो कंपन्यांच्या बाबतीत हेच घडलं आहे, फक्त त्या खेळणी किंवा चपला विकत होत्या म्हणून इतका गवगवा झाला नाही.

सेर्बेरसने इतर कंपन्याही घेतल्या होत्या ना?

हो, बंदुका आणि गोळ्या बनवणाऱ्या, भराभर. बुशमास्टर २००६ मध्ये आधीच घेतली होती. मग मार्लिन, डीपीएमएस, एच अँड आर, डकोटा, पॅरा, बार्न्स बुलेट्स. सगळ्यांची मोट बांधून नाव दिलं फ्रीडम ग्रुप. मोठा समूह दाखवायचा, शेअर बाजारात उतरवायचा आणि बाहेर पडायचं, असा बेत होता. २००९ मध्ये शेअर विक्रीसाठी कागदपत्रंही दाखल झाली, दोन वर्षांनी मागे घेतली.

मोट बांधताना काय झालं याचा नमुना म्हणजे मार्लिन. कनेटिकटमधल्या नॉर्थ हेवनला या कंपनीचा कारखाना होता. लिव्हर ओढून भरायच्या, काउबॉय धाटणीच्या रायफली तिथे बनत. २०११ मध्ये तो बंद करून यंत्रं इलियनला हलवली. यंत्रं आली, पण ती चालवणारी माणसं आली नाहीत. जुन्या यंत्राला कुठे जरा हात आखडता घ्यायचा, कुठला भाग कानशीने किती घासायचा, हे नॉर्थ हेवनच्या कामगारांच्या बोटांत होतं, नकाशांत नव्हतं. इलियनहून बाहेर पडलेल्या पहिल्या मार्लिनची नेम धरायची खूण वाकडी, लाकूड आणि लोखंडाच्या जोडात फटी. गिऱ्हाइकांनी मार्लिन आणि रेमिंग्टन जोडून "रेमलिन" असं कुचेष्टेचं नाव पाडलं, ते अजून चिकटलेलं आहे. जुन्या बाजारात लोक नळीवरचा शिक्का बघून नॉर्थ हेवनची मार्लिन शोधतात.

८७० च्या बाबतीतही तेच ऐकू येऊ लागलं. फिनिशिंग खरखरीत, गंज लवकर, नळीत काडतूस चिकटतं. आजोबांची बंदूक अजून चकचकीत आणि नातवाची नवी तांबूस पडलेली, हे शिकाऱ्यांच्या घराघरात दिसत होतं. जाहिरात कितीही करा, अशा घरात कोण ऐकणार?

सँडी हुकच्या दाव्यामुळे कंपनी बुडाली, हे खरं का?

सरळ उत्तर: नाही. पण संबंधच नाही असंही नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. मारेकऱ्याच्या हातातली रायफल बुशमास्टरची, म्हणजे याच समूहाची. कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे पैसे सेर्बेरसमध्ये होते. शिक्षकांची पुंजी अशा कंपनीत कशी, असा प्रश्न उठला आणि चार दिवसांत सेर्बेरसने फ्रीडम ग्रुप विकायला काढल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाईक मिळालं नाही.

मृतांपैकी काहींच्या कुटुंबीयांनी २०१४ मध्ये दावा लावला. अमेरिकेत २००५ चा एक केंद्रीय कायदा बंदूक कंपन्यांना अशा दाव्यांपासून वाचवतो, त्यामुळे दावा टिकणार नाही असं बहुतेकांना वाटत होतं. वकिलांनी वाट काढली ती जाहिरातीतून. बुशमास्टरच्या एका जाहिरातीचा अर्थ असा होता की ही रायफल घ्या आणि आपल्या मर्दानगीचं कार्ड पुन्हा मिळवा. असल्या जाहिराती राज्याच्या अनुचित व्यापारविरोधी कायद्याचा भंग करतात, असा युक्तिवाद झाला. मार्च २०१९ मध्ये कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो सुनावणीस पात्र ठरवला, आणि त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ९ कुटुंबांशी ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली.

आता तारखा बघा. पहिली दिवाळखोरी २०१८ ची, दुसरी २०२० ची, तडजोड २०२२ ची. पैसे भरले चार विमा कंपन्यांनी. तेव्हा रेमिंग्टनचे तुकडे होऊन विकले गेले होते. या दाव्याने कंपनीची तिजोरी रिकामी केली नाही. त्याने केलं ते असं की बँका, फंड आणि खरेदीदार तिच्यापासून चार हात लांब उभे राहू लागले. ज्याच्यावर इतकं कर्ज आहे त्याला माणसं तुटणं परवडत नाही.

ओबामांच्या काळात बंदुका खपल्या आणि ट्रम्प आल्यावर खप पडला, हे विनोदाने म्हणतात की खरंच?

खरंच. आता कायदा कडक होणार, नंतर मिळणार नाही, या भीतीने लोक बंदुका घेऊन ठेवतात. शाळेतल्या हत्याकांडानंतरच्या २०१३ या वर्षी समूहाची विक्री सुमारे १२७ कोटी डॉलरवर गेली. ते वर्ष सगळ्यात मोठ्या विक्रीचं ठरलं, हे लिहितानाही बरं वाटत नाही. भीती ओसरली तशी विक्री उतरली. २०१६ मध्ये साडेशहाऐंशी कोटी. हिलरी क्लिंटन निवडून येतील या हिशेबाने दुकानदारांनी माल भरून ठेवला होता. आले ट्रम्प. भीतीच गेली, माल दुकानांत पडून राहिला. २०१७ ची विक्री ६० कोटींच्या आसपास.

विक्री निम्म्यावर आली तरी व्याज निम्म्यावर येत नाही. स्मिथ अँड वेसन आणि रुगर या दुसऱ्या बंदूक कंपन्यांनाही तोच फटका बसला, पण त्यांच्या डोक्यावर असं ओझं नव्हतं. रुगरवर तर कर्ज जवळपास नव्हतंच. त्यांनी पट्टा आवळला आणि दिवस काढले. एकाच दुष्काळात एक शेतकरी तगतो आणि शेजारचा जमीन विकतो, तेव्हा पावसाला किती दोष द्यायचा?

कंपनीने काही काम न्यूयॉर्कमधून अलाबामाला का नेलं? कायद्यामुळे?

जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कडक बंदूक कायदा केला. इलियनमध्ये बनणाऱ्या काही रायफली त्याच राज्यात विकता येईनात. गावात आजही पुष्कळ लोक सगळं खापर या कायद्यावर फोडतात. मला ते अर्धंच पटतं. २०१४ मध्ये अलाबामातल्या हंट्सविल शहराने आणि त्या राज्याने सुमारे ७ कोटी डॉलरच्या सवलती पुढे केल्या, क्रायस्लरच्या जुन्या कारखान्याची प्रशस्त इमारत दिली आणि तिथे कामगार संघटनेचा जाच नव्हता. कंपनीने जवळजवळ २,००० नोकऱ्यांचं वचन दिलं. कायदा नसता तरी हे ताट नाकारलं असतं का?

२,००० नोकऱ्या कधीच झाल्या नाहीत. त्याच सुमारास गाजावाजा करून आणलेलं आर-५१ पिस्तूल काही महिन्यांत परत मागवावं लागलं, त्याची नव्याने विक्री दोन वर्षांनी झाली. कर्ज काढून सण करायचा आणि पुरणपोळी करपायची, अशातली गत.

दिवाळखोरी दोनदा कशी होते?

अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचं ११ वं प्रकरण आहे, लोक त्याला चॅप्टर इलेव्हन म्हणतात. त्यात कंपनीला टाळं लागत नाही, न्यायालयाच्या छायेत कर्ज देणाऱ्यांशी नव्याने हिशेब होतो. मार्च २०१८ मध्ये रेमिंग्टनने पहिल्यांदा हे दार ठोठावलं तेव्हा कर्ज होतं सुमारे ९५ कोटी डॉलर. त्यातले पाऊणशे कोटींहून जास्त शेअर्सच्या बदल्यात उतरले, सेर्बेरस बाहेर पडली, फ्रँकलिन टेम्पलटन आणि जेपी मॉर्गनसारख्या कर्ज देणाऱ्यांकडे मालकी गेली. दोन महिन्यांत कंपनी बाहेर आली.

मधल्या काळात एक वेगळंच गिऱ्हाईक आलं: नॅव्हाहो या मूळ अमेरिकी समाजाचं शासन. त्यांनी ५० कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले. सर्वसामान्यांना एआर-१५ ही लष्करी धाटणीची रायफल विकणं बंद करायचं, पोलीस-लष्कराला माल द्यायचा आणि मालकाशिवाय कुणाच्या हातात न चालणाऱ्या बंदुका काढायच्या, असा त्यांचा विचार होता. कंपनीने नकार दिला. पुढे २०२० मध्ये पुन्हा बोलणी झाली, तीही फिसकटली.

जुलै २०२० मध्ये दुसरी दिवाळखोरी.

पण २०२० मध्ये तर अमेरिकेत बंदुकांची विक्रमी विक्री झाली!

बरोबर. कोविड, दंगली, निवडणूक. बंदूक खरेदीच्या वेळी होणाऱ्या केंद्रीय तपासणीचा आकडा त्या वर्षी ३ कोटी ९७ लाखांवर गेला, तोवरचा उच्चांक. दुकानांतली कपाटं रिकामी होती. अशा वर्षात २०४ वर्षं जुनी बंदूक कंपनी बुडते. मागणी दारात उभी होती, पण कच्चा माल घ्यायला, पुरवठादारांना द्यायला, पगार भागवायला हातात खेळता पैसा नव्हता. विहिरीला पाणी आहे आणि मोटरचं बिल थकल्यामुळे वीज तोडलेली आहे, असं समजा.

तुकडे कुणी घेतले?

सगळ्यात बोलकं म्हणजे किमती. काडतुसांचा कारखाना आणि रेमिंग्टन हे नाव व्हिस्टा आउटडोअरने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतलं. मार्लिन रुगरने सुमारे ३ कोटींना, बार्न्सच्या गोळ्या सिएराने तितक्यालाच. बुशमास्टर फ्रँकलिन आर्मरीकडे गेली, डीपीएमएस आणि इतर काही नावं पाल्मेटो स्टेट आर्मरीच्या मालकांकडे. आणि इलियनचा कारखाना, ८७०, ७००, म्हणजे जिच्यासाठी हे नाव जगाला माहीत झालं ती सगळी बंदूक शाखा? ती राउंडहिल ग्रुप या गुंतवणूकदारांच्या गटाला १ कोटी ३० लाखांत मिळाली. काडतुसं महाग, बंदूक स्वस्त. यात आश्चर्य नाही: बंदूक एकदा घेतात, काडतूस दर मोसमाला.

गंमत पुढे आहे. २०२४ मध्ये व्हिस्टाचा काडतुसांचा धंदा चेक प्रजासत्ताकातल्या एका समूहाने २२० कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतला. म्हणजे रेमिंग्टनची काडतुसं आज चेक मालकीची आहेत. कोल्ट ही दुसरी जुनी बंदूक कंपनीही २०२१ पासून चेक कंपनीकडे आहे. विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखाना २००६ मध्येच बंद पडला, त्या नावाच्या बंदुकांमागे आता बेल्जियन मालक आहे. काउबॉयच्या तिन्ही नावांना युरोप जोडला गेला आहे.

इलियन गावाचं काय झालं?

वस्ती सात-आठ हजारांची. गावाच्या मधोमध लाल विटांच्या चारमजली इमारतींची रांग, तीच रेमिंग्टन. टाइपरायटर, शिलाई मशीन, रायफली, सगळं याच आवारात झालं. चार-चार पिढ्या एकाच दारातून कामाला जायच्या. इथली युनियन खाण कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेची शाखा होती, खाण एकही नसताना.

ऑक्टोबर २०२० मध्ये ५८५ कामगारांना कमी केलं गेलं. करारात ठरलेली भरपाई आणि साठलेल्या रजेचे पैसे देणार नाही, असंही कळवलं. कर्जाच्या कागदावर बँकेची सही आधी असते, कामगाराची रजा नंतर. २०२१ मध्ये राउंडहिलने रेमआर्म्स या नावाने काही लोकांना परत बोलावलं, धुराडं पुन्हा पेटल्यासारखं वाटलं. पण त्याच वर्षी मुख्यालय जॉर्जियातल्या लाग्रेंजला नेण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२३ अखेर पत्र आलं आणि मार्च २०२४ मध्ये इलियनचा कारखाना बंद झाला. शेवटी २७०च्या आसपास माणसं उरली होती.

मग रेमिंग्टन आज बंद आहे की चालू?

नवी ८७० आणि ७०० मिळते, जॉर्जियाची. काडतुसं मिळतात, अर्कान्सामधल्या लोनोकची. १८१६ ला सुरू झालेली कंपनी म्हणून जी होती, ती नाही.

शेवटचा प्रश्न: कंपनी बुडाली, मग टायपिंगच्या परीक्षेतलं "रेमिंग्टन मराठी" बंद होणार का?

हा प्रश्न खरोखर येतो, आणि मला आवडतो. नाही होणार. तो फक्त अक्षरांच्या जागांचा आराखडा आहे, त्यावर बंदूक कंपनीचा हक्क नव्हता आणि नाही. मी शिकलो तेव्हा पत्र्याच्या खोलीत आठ मशीनं होती, एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने लाल रिबीन, ओळ संपत आली की टिंग. "कि" लिहायचं तर वेलांटी आधी दाबायची आणि क नंतर, कारण यंत्राला उच्चार कळत नाही, कागदावर डावीकडे काय उमटतं तेवढंच कळतं. आज कॉम्प्युटरवर त्या आराखड्याने टाइप करणारी मुलं अजूनही वेलांटी आधीच दाबतात. सवय मोडायची असेल तर इनस्क्रिप्ट हा दुसरा आराखडा शिका, तिथे क आधी येतो. पण तीस शब्दांची परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर आत्ता बदलू नका.